जरा, व्याधी आणि विश्रांती

वार्धक्य हा विषय जितका प्रयोगशाळेचा, तितकाच तो भाषेचाही आहे. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दोष पाहत राहण्यास सांगितले आहे. त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी ऐन तारुण्यात उद्याचे म्हातारपण डोळ्यांपुढे आणणाऱ्या माणसाचे चित्र रेखाटले. वर्गात हा भाग शिकवू लागलो की आधी हसणारी मुले हळूहळू गप्प होतात. येथे जरा आणि व्याधी हे शब्द वेगळे ठेवले आहेत, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. आपल्या रोजच्या बोलण्यात मात्र दोन्हींची बोळवण 'वय झालं' एवढ्यावर होते.

या दोहोंत आणखी एक तिसरी गोष्ट मिसळलेली असते, हे व्यायामशरीरशास्त्राने दाखवून दिले. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावण्यात आले. स्वीडिश शास्त्रज्ञ बेंग्ट सॉल्टिन आणि त्यांचे सहकारी हा प्रयोग करीत होते. कमाल श्रमाच्या वेळी शरीर किती प्राणवायू वापरू शकते, हे त्यांनी मोजले. तीन आठवड्यांत ती क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. आता ते पन्नाशीचे होते, वजने वाढली होती, शरीरातील चरबी दुप्पट झाली होती. तरीही तीस वर्षांत झालेली घट त्या तीन आठवड्यांतील घटीपेक्षा कमी होती! सहा महिन्यांच्या बेताच्या व्यायामाने त्यांची क्षमता १९६६ च्या आरंभीच्या पातळीवर परतली. विशीत मात्र विश्रांतीनंतर कसून व्यायाम करून त्यांनी जी उंची गाठली होती, तिथवर त्यांतला एकही पोहोचला नाही. वयाचे देणे काळ वसूल करतोच. परंतु त्या खात्यावर आपण जे मांडतो, ते सगळेच वयाचे नसते.

१९९० मध्ये बॉस्टनच्या एका शुश्रूषागृहातील प्रयोग याहून बोलका आहे. नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बळ वृद्धांना पायांच्या स्नायूंसाठी वजने उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. नऊ जणांनी आठ आठवडे तो पूर्ण केला. त्यांच्या स्नायूंची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. नव्वदीतला स्नायूही हाकेला ओ देतो, असाच याचा अर्थ.

आता आपल्या भाषेकडे वळू. निरोपसमारंभात निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यास आपण 'आता विश्रांती घ्या' असा आशीर्वादवजा सल्ला देतो. सुनेने सासूच्या हातून पाण्याची कळशी घ्यावी, यात आपल्याकडे संस्कार दिसतात. आमच्या वडिलांचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी त्यांना उभे केले. पण भेटायला येणारा प्रत्येक जण मायेने 'आता पडून राहा, काका' असेच म्हणत होता. वडिलांनाही ते पटू लागले होते. संध्याकाळी त्यांना जिन्यापर्यंत नेताना आम्हांस हाडापेक्षा त्या एका वाक्याशीच अधिक झगडावे लागले.

ती माया खोटी नव्हती. आयुष्यभर शेतात वा चुलीपुढे राबलेल्या देहाला विसावा मिळावा, या न्याय्य इच्छेतून ती भाषा घडली. ज्याचे आयुष्य कष्टांत गेले, त्याला 'विश्रांती' हा शब्द पारितोषिकासारखा वाटणारच. परंतु खुर्चीत बसून नोकरी केलेल्या आमच्या पिढीला निवृत्तीनंतर पुन्हा खुर्चीच देऊ करणे, हा त्या शब्दाचा विपर्यास होय. जरेला उपाय नाही, व्याधीला कधी असतो, कधी नसतो. तिसऱ्या गोष्टीला, म्हणजे नुसत्या बसून राहण्याला, अजून आपल्या भाषेत भीती वाटावी असे नावच मिळालेले नाही. ते मिळेपर्यंत घरातल्या वृद्धांना निदान 'बसा' म्हणण्यापूर्वी 'चला' म्हणून पाहावे.