वारशात आलेली अवजारे

वडिलोपार्जित सोने वाटून घेता येते, दुकान नावावर करता येते; परंतु कामाची यंत्रे मागे राहिली की वारसांपुढे निराळाच प्रश्न उभा राहतो. सोने तिजोरीत निपचित पडून असते. यंत्र मात्र ज्याच्या हाती जाईल, त्याच्या इच्छेने चालते.

चंद्रपूर-गडचिरोली हा सागवानाचा मुलूख. बल्लारशाह व आलापल्लीच्या सागाची कीर्ती दूरवर पोहोचली आहे; अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये येथूनच सागवान रवाना झाले. अशा मुलखातील एका हार्डवेअर व्यापाऱ्याच्या निधनानंतर त्यांच्या दोन मुलांनी गोदामाची मोजदाद केली. वापरलेला इलेक्ट्रिक रंधा, दोन ड्रिल मशीन, एक ग्राइंडर आणि पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत निघाली. धाकट्याला मुलीच्या शिक्षणासाठी पैशांची निकड होती. त्याचे म्हणणे होते, "दादा, जो येईल त्याला सगळे एकदम देऊन टाकू."

थोरल्याने आधी प्रत्येक यंत्र चालवून पाहिले. रंध्याचे कार्बन ब्रश झिजले होते, एका ड्रिलची वायर सोललेली होती, ग्राइंडरचे गार्ड हरवले होते. लहान ग्राइंडरची चकती मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते; ती फुटली तर गार्डच माणसाला वाचवते. म्हणून वायर बदलली, नवे गार्ड बसवले आणि उरलेले दोष चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी यंत्राला बांधली. हलका माल चांगला म्हणून खपवणे हा प्रतिरूपक व्यवहार, अचौर्य अणुव्रताचा अतिचार आहे. वापरलेल्या मालाच्या विक्रीत तो सर्वांत सहज घडतो. ओळखीच्या एका सुताराने ही यंत्रे घेतली. भाव थोडा कमी आला, पण तक्रारीला जागा राहिली नाही.

खरा पेच करवतीचा होता. सर्वाधिक रक्कम देऊ करणारा ग्राहक रोख पैसे घेऊन आला. पावतीवर नाव घालण्यास मात्र तयार नव्हता. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ५२ नुसार वन अपराधात वापरलेली हत्यारे जप्त होऊ शकतात. अशा जप्तीनंतर यंत्राच्या क्रमांकावरून चौकशी विक्रेत्याच्या दारापर्यंत येणे अशक्य नाही. तरीही आईने कायद्याचा उल्लेख केला नाही. तिने आठव्या व्रताची आठवण दिली. अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसाप्रदान, म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, स्पष्ट सांगितले आहे. "आपल्याला ठाऊक नाही ती कुठे चालेल. आणि ठाऊक करून घ्यायचे नाही, म्हणूनच तर तो जास्त पैसे देतो आहे ना?" एवढेच ती म्हणाली.

ग्राहक परत गेला. जोडून सज्ज ठेवलेले अधिकरण हाही अतिचार मानला जातो. म्हणून साखळी, पट्टी आणि इंजिन वेगळे करण्यात आले. इंजिनचे सुटे भाग एका मेकॅनिकने दुरुस्तीसाठी नेले, साखळी भंगारात गेली. हाती आले ते देऊ केलेल्या रकमेच्या मानाने फारच थोडे. ही तूट थोरल्याने स्वतःच्या हिश्शातून भरून धाकट्याला दिली, कारण निकड धाकट्याची होती आणि आग्रह थोरल्याचा.

व्यापाऱ्याच्या घरी जुने यंत्र विकणे ही किरकोळ बाब वाटते. परंतु दोष सांगणे, नाव-पत्त्याची व यंत्राच्या क्रमांकाची पावती करणे आणि घेणारा कोण हे पाहणे, या तीन गोष्टी सांभाळल्या तर व्यवहार स्वच्छ राहतो. त्यासाठी पडणारी तूट घरातील कोण सोसणार, हेही आधीच ठरवावे. अन्यथा एकाच्या व्रताचा भार दुसऱ्याच्या गरजेवर पडतो.