गुडघ्याचे दप्तर

माझा उजवा गुडघा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी थोरला आहे. मी छत्तिशीत आहे; तो मात्र निवृत्तीस आलेल्या हेडक्लार्कासारखा प्रत्येक पायरीशी हुज्जत घालतो. कॉलेजात असताना खो-खोच्या मैदानावर खुंटाजवळ वळताना तो पिळवटला. हाडे बसवणाऱ्या एका गृहस्थांनी तेल चोळले, पट्टी बांधली आणि तीन आठवड्यांनी मला मोकळे केले. मी मोकळा झालो. गुडघा झाला नाही. आत फाटलेली गादी तशीच राहिली, आणि पंधरा वर्षांनी, तंजावरास बदली झाल्यावर, त्याने सारी थकबाकी व्याजासकट मागितली.

येथील डॉक्टर म्हणाले, "सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती झिजली की कातडीसारखी भरून येत नाही. जुन्या दुखापतीचा हा संधिवात जाणार नाही, पण ताब्यात राहील." मी वाक्याचा पूर्वार्ध तेवढा ऐकला, आणि त्याच रात्री बदलीचा अर्ज लिहिला. कारण : गुडघ्याची व्याधी, येथील दमट हवा व दुसऱ्या मजल्यावरील कचेरी न मानवणे. परमुलखात नोकरी करणाऱ्या वाचकांना हा मसुदा परका वाटणार नाही.

अर्जाला पुरावा हवा. म्हणून गुन्हेगार तंजावरच आहे हे सिद्ध करण्यासाठी मी दुखण्याची नोंदवही घातली. कल्पना माझी नव्हे. राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात रविवारी जाण्याची मला सवय आहे. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल स्थापून देशी आणि युरोपीय वैद्यकाचे जाणकार एकत्र आणले. औषधे पारखून घेतली, आणि गुण आलेले उपचार तमिळ पद्यांत बांधवले. डोळ्यांच्या रोग्यांची त्यांच्या वेळची टिपणे या ग्रंथालयात आजही आहेत. मराठी राजा, तमिळ पद्य आणि इंग्रजी टिपण! वैद्याच्या नावापेक्षा रोग्याला काय गुण आला हे लिहून ठेवण्याची ती शिस्त मला फार आवडली. मग आपणही आपल्या गुडघ्याचे दप्तर का ठेवू नये?

रोज रात्री शून्य ते दहा असा आकडा मांडू लागलो. शेजारच्या आजी येथील जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांची मराठी मला अर्धी कळते आणि उरलेली त्यांच्या मायेवरून ताडावी लागते. त्यांनी तांदळाच्या कोंड्याची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकायला दिली. नोंद : तासभर उतार. डॉक्टरांनी खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा आकडे मोजेपर्यंत धरायला सांगितले होते, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा पुढचा स्नायू बळावला की तोच सांध्याचा भार उचलतो म्हणून. नोंद : महिनाभर काही नाही, सहाव्या आठवड्यापासून आकडा उतरता. काठी दुखऱ्या बाजूला नव्हे, डाव्या हातात धरायची, हेही मी येथेच शिकलो. वजन पाच किलोंनी घटले. एक किलो घटले की चालताना गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असा त्यांचा हिशेब.

तीन महिन्यांनी वही उघडून बेरजा मांडल्या, तेव्हा माझा खटला कोसळला. ऐन ईशान्य मोसमी पावसातले आकडे कोरड्या दिवसांहून वेगळे नव्हते. दुसरा मजलाही निर्दोष ठरला. न उठता चार-चार तास फायलींवर बसलो ते दिवस वाईट होते, यात नवल नव्हते. पण आणखी एक वार पुनःपुन्हा वर येत होता : सोमवार. रविवारी रात्री आईचा फोन येतो. ती एकटी असते. "माझं छान चाललंय रे," म्हणते, आणि मध्येच खोकते. त्या रात्री मला झोप लागत नाही, आणि सोमवारी गुडघा ठणकतो. झोप मोडली की दुखणे अधिक जाणवते, असे डॉक्टर म्हणाले. त्यांना मी फोनविषयी सांगितले नाही.

जे मनाने कबूल केले नव्हते ते मी गुडघ्याच्या तोंडी घातले होते. आईसाठी परत जायचे आहे, असे म्हणण्याचा मला संकोच वाटत होता. व्याधी कशी, कागदावर सभ्य दिसते! जुना अर्ज फाडला आणि नवा लिहिला. कारण : वृद्ध आई एकटी आहे. गुडघ्याचा उल्लेख नाही. उत्तर अद्याप आलेले नाही.

तोवर संध्याकाळी, फरशी निवली की, मी बृहदीश्वराच्या प्रांगणात फिरतो. तेथील भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास १८०३ साली मराठीत कोरलेला आहे. पूर्वी मी नंदीपाशीच बसून राहत असे. काल काठी टेकीत त्या भिंतीपर्यंत गेलो, थोडे वाचले आणि परत आलो. नोंद : तीन. वार सोमवार.