तांब्याची कैफियत

जळालेला सबवूफर दुरुस्तीस येतो तेव्हा बहुधा त्याच्यासोबत एक तयार फिर्यादही येते, ती अशी की कोणीतरी त्याच्या दोन्ही कॉइली पॅरलल जोडल्या, संरोध २ ओहमांवर उतरला आणि तार जळाली. ही फिर्याद अर्धीच खरी आहे, आणि अर्ध्या निदानावर बांधलेली नवी कॉइल पुन्हा जळते, म्हणून तिची तपासणी मला अगत्याची वाटते.

चार-चार ओहमांच्या दोन कॉइली सिरीजमध्ये ८ आणि पॅरलल २ ओहम भरतात. परंतु ॲम्प्लिफायरने दोन्ही प्रसंगी ४०० वॉटच दिले, तर प्रत्येक कॉइलीच्या वाट्याला २०० वॉटच येऊन तांब्यातील उष्णता तंतोतंत तेवढीच राहते. जोडणी बदलली की बदलते ते ॲम्प्लिफायरचे देणे : व्होल्टेज तेच राखण्याची त्याची ऐपत असेल, तर ८ ओहमांत तो जेवढी शक्ती देतो तिच्या चौपट २ ओहमांत ओततो, आणि व्हॉल्यूमचे बटण मात्र पूर्वीच्याच खुणेवर असते.

त्या शक्तीपैकी ध्वनिरूपाने बाहेर पडणारा अंश शेकडा दोन-चारही नसतो. उरलेली सारी कॉइलीत उष्णता होऊन साठते. कॉइल २०० अंशांनी तापली की तांब्याचा रोध पावणेदोनपटीपलीकडे जातो, आवाज दबतो, आणि ऐकणारा बटण आणखी फिरवतो. पोर्ट असलेल्या पेटीत तर याहून विलक्षण प्रकार घडतो. ज्या वारंवारतेला पोर्ट साधलेला असतो, नेमक्या तेथेच संरोध तारेच्या निव्वळ रोधाजवळ येतो आणि कोन जवळजवळ निश्चल होतो. म्हणजे प्रवाह भरपूर असताना, कॉइलीला वारा घालणारी हालचालच थांबलेली असते. पाटीवरचा ‘४ ओहम’ हा आकडा यातले काहीच सांगत नाही.

कोनावर दोन्ही हातांची बोटे समान टेकवून तो अलगद दाबला असता गॅपमधून खरखर ऐकू आली, की फॉर्मर फुगला किंवा वेढे सुटले असे समजावे. उघडल्यावर इनॅमल काळवंडलेले आणि वेढ्यांमधला चिकटा कोळसा झालेला दिसतो. मीटरवर ४ ओहमांची निरोगी कॉइल साडेतीनच्या आसपास दाखवते. फार कमी दाखवू लागली तर वेढे आपसांत भिडलेले असण्याचा संभव असतो.

म्हणून नवी कॉइल बसवून माल हाती देण्यापूर्वी, ॲम्प्लिफायर किती ओहमांवर किती वॉट देतो आणि पेटीला पोर्ट आहे किंवा नाही, याची मी रीतसर विचारपूस करतो. काहींना ती लांबण वाटते, तरी त्या उत्तरांवाचून जोडणी कोणती करावी हे मी सांगत नाही.