पुडक्यांचा हिशेब

2006च्या वनहक्क कायद्यानंतर धानोऱ्याकडच्या आमच्या गावात तेंदू ग्रामसभाच विकू लागली. बारावीच्या सुट्टीत हिशेबाचा प्रोग्राम माझ्याकडे आला. 70 पानांचं पुडकं, 1000 पुडक्यांची प्रमाण गोणी, गणित सोपं. फळीवर नेट नाही, म्हणून सगळं लॅपटॉपातच. नाव वहीप्रमाणे घरधन्याचं, असं ठरलेलं. पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाबू, पानं मी तोडली, न् पैसे त्याच्या नावानं कावून?"

असा सवाल कोणत्याच कोडिंगच्या पुस्तकात नव्हता. ग्रामसभा दोन तास भांडली. बापे गप्प झाले तेव्हा कुठं 'तोडणाऱ्याचं नाव' हा रकाना मंजूर झाला. प्रोग्रामात तो घालायला दहा मिनिटं लागली. काकूंनी स्क्रीनवर नाव वाचून घेतलं, मग वहीतही लिहायला लावलं.