सात वर्षं कशाला लागली?

जपानी मांगा वाचणाऱ्यांना आणि ॲनिमे बघणाऱ्यांना हमखास ऐकावा लागणारा टोमणा म्हणजे, "अरे, दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे हे आपल्याला पहिल्या चार भागांत कळतं. मग सांगून का नाही टाकत?" मीही असंच म्हणायचो. मग 'मेझों इक्कोकू' हातात पडली.

रुमिको ताकाहाशींची ही मांगा १९८० ते १९८७ अशी सात वर्षं चालली. १५ खंड. टोकियोतल्या एका मोडक्या, जुन्या इमारतीत गोदाई नावाचा पोरगा भाड्याने राहतोय. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास, खिशात दमडी नाही. तिथे इमारतीची देखभाल करायला क्योको येते. त्याच्यापेक्षा थोडी मोठी, आणि विधवा. लग्नानंतर काही महिन्यांतच नवरा गेलेला. कुत्र्यालासुद्धा ती नवऱ्याच्याच नावाने हाक मारते.

गंमत बघा. 'सांगून टाकायचं' काम गोदाई सुरुवातीलाच उरकतो. दारू पिऊन, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून! त्याने काय होतं? काहीच नाही.

कारण घोडं तिथे अडलेलंच नव्हतं. त्याला आधी स्वतःच्या पायावर उभं राहायचंय. तिला नवऱ्याची आठवण पुसायची नाहीये. मधे गैरसमज आहेत, रुसवे आहेत, काही भाग आपल्या मालिकांसारखे ताणलेत हेही कबूल. पण पात्रांची वयं वाढतात, ऋतू येतात-जातात, आणि तिचं दुःख हळूहळू जागा बदलतं. शेवटाकडे गोदाई तिच्या नवऱ्याच्या थडग्यासमोर उभा राहतो आणि त्याच्या आठवणीसकट तिला स्वीकारतो. हेच पहिल्या खंडात आलं असतं तर नुसतं फिल्मी वाटलं असतं.

मला हे लागलं ते माझ्या ताईमुळे. भाऊजी गेले तेव्हा ती ३१ वर्षांची. सहाव्या महिन्यात ऑफिसच्या सहलीला गेली, तर नातेवाईक म्हणाले, "इतक्यात?" दोन वर्षांनी एका स्थळाला नाही म्हणाली, तर "अजून किती दिवस?" घड्याळ सगळ्यांच्या हातात, फक्त तिच्या सोडून. आणि खरं सांगतो, 'अजून किती दिवस' म्हणणाऱ्यांत मीही होतो.

२०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. फार मोठं काम. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, हे ठरावात लिहिता येतं. पण तिने कधी हसायचं, कधी सावरायचं, पुन्हा लग्न करायचं की नाही, हे तिचं तिला ठरवू द्यायचं, याचा ठराव प्रत्येक घरालाच करावा लागेल.

ताईने अजून काही ठरवलेलं नाही. मी विचारणं बंद केलंय. तुमच्या घरात कोण विचारतंय, बघा जरा.