दाबा, धरा, सोडा!

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी माझ्या वडिलांना आयुष्यातला पहिला हुकूम सोडला. तोही आमच्या जुन्या मोटारीच्या मागच्या चाकाशी उताणा पडून. "दाबा!" मी ओरडलो. आणि काय आश्चर्य! ज्यांच्यासमोर मी अजून पाय पसरून बसत नाही, त्या अण्णांनी निमूटपणे ब्रेक दाबला.

प्रसंग ओढवला होता माझ्याच हाताने. आमची मोटार २००८ सालची, दुसऱ्या हाताने घेतलेली. तिला एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जखडून घसरू नये अशी योजना. नव्या मोटारींना हे सक्तीचे झाले २०१९च्या एप्रिलात; त्यापूर्वी ती बरीचशी महागड्या गाड्यांची मिजास होती. दिवाळीच्या तोंडावर मागच्या डाव्या चाकातून ब्रेक ऑइल झिरपू लागले. गॅरेजवाल्याला लक्ष्मीपूजनापर्यंत मान वर करायला सवड नव्हती. मी मॅट्रिक झालेला, चित्रकलेचा मास्तर; वर कादंबऱ्या लिहितो. एवढ्या पात्रतेवर मनुष्य काय करू धजत नाही? नवा सिलिंडर आणला आणि जुना सोडवला. तेवढ्यात पाहुणे आले, आणि मोकळी नळी रात्रभर थेंब थेंब गळत राहिली. सकाळी पाहतो तो वरची टाकी ठणठणीत कोरडी! सिलिंडर बसवून, टाकी भरून पेडल दाबले, तर ते लोण्यात सुरी जावी तसे तळाला गेले.

भाऊबीज पाच दिवसांवर. सौ.चे माहेर चिपळूणला. कऱ्हाडहून जायचे म्हणजे कुंभार्ली घाट उतरायचा. रात्री टाकी कोरडी पडली, हे मी तिला सांगितले नाही. पण अण्णांना सांगण्याची वेळच आली नाही. ते ओसरीवरून सारे बघत होते.

अण्णांनी ३२ वर्षे एस.टी. चालवली. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांपायी लायसन्सचे नूतनीकरण राहिले, आणि त्या दिवसापासून त्यांनी आमच्या मोटारीत पाऊल ठेवले नाही. "सामानासारखं बसून जाणं आपल्याला जमायचं नाही," एवढेच म्हणाले. भाऊबीजेलाही येणार नव्हते.

"हवा शिरली," ते आता उठून जवळ आले. "आमच्या गाडीत हवा हीच लक्ष्मी. हवेवर तर एस.टी. थांबायची." माझ्या दुसऱ्या कादंबरीत घाटात बसमधली हवा निसटते आणि बस भरधाव सुटते. ते प्रकरण वाचून त्यांनी पुस्तक मिटले होते. हवा गेली की मागची चाके स्प्रिंगच्या जोराने उलट जखडतात, हे त्यांनी मला तेव्हा ऐकवले. नायिका तोवर दरीत पडून चुकली होती.

मोटारीचे गणित वेगळे. तिथे पायाचा जोर तेलाने चाकापर्यंत जातो. सतराव्या शतकात पास्कल सांगून गेला, की कोंडलेल्या द्रवाला एका जागी दाबले की तो दाब सगळीकडे सारखा पोचतो. तेल चेपत नाही. हवा मात्र चेपते, आणि चाकाचा वाटा मधल्या मधे खाऊन टाकते. म्हणून ती काढावयाची. निपलला पारदर्शक नळी लावायची, तिचे दुसरे टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचे. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल थोडे सैल करायचे. बुडबुडे बाहेर येतात. निपल आवळल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर गेलेली हवा पुन्हा आत. टाकी तर घडोघडी भरत राहायची; एकदा धडा मिळाला होताच.

अण्णांनी मोडक्या चौरंगाचा एक पाय आणून पेडलखाली ठेवला. "जुना मास्टर सिलिंडर. पेडल तळापर्यंत नेलं तर आतला रबर न वापरलेल्या, गंजल्या भागावर घासून फाटतो." हे मी पाहिलेल्या व्हिडिओत नव्हते.

दाबा, धरा, सोडा! आमच्या गाडीच्या पुस्तकात मागचे डावे चाक पहिले आहे, तिथून सुरुवात झाली. चार चाके संपेपर्यंत दुपार झाली. थोडे तेल मडगार्डवर सांडले. ते रंग खाते, म्हणून मी पाण्याची बादली घेऊन धावलो. पेडल दगडासारखे घट्ट लागले. मी हात पुसू लागलो, तर अण्णा म्हणाले, "मास्तर, त्या पेटीतल्या हवेचं काय?"

पेटी म्हणजे एबीएसची. तिच्यात बारीक झडपा आणि एक पंप असतो. चाक जखडू लागले की झडपा त्याचा दाब सोडतात, पंप तेल परत ढकलतो, असे सेकंदात कितीतरी वेळा. एरवी आतला एक कप्पा बंदच असतो. त्यात दडलेली हवा पायाला कळत नाही. गॅरेजात स्कॅनर लावून तो पंप फिरवता येतो. आमच्याकडे स्कॅनर नव्हता. नदीकडचा मुरमाचा निर्मनुष्य रस्ता होता. पेडल घट्ट नसते तर मी गाडी फाटकाबाहेर काढली नसती.

अण्णा शेजारी बसले. दोन वर्षांनी! मी काही बोललो नाही. तिशीच्या वेगाने जाऊन मी कचकन ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरले, आत घरघर झाली, गाडी सरळ थांबली.

"हे तर आम्ही पायानं करत होतो," अण्णा पुटपुटले. "ओल्या रस्त्यावर. दाब-सोड, दाब-सोड." मग त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिले. मीही पाहिले, आणि उगाच खिडकीबाहेर बघू लागलो.

तीनदा तसे केले. चौथ्यांदा पेडल दोन बोटे जास्त खाली गेले. दडलेली बाहेर आली होती! हँडब्रेकवर हात ठेवून पायचालीने घरी आलो, पुन्हा चारही चाके काढली. पुढच्या उजव्या चाकातून मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुरूम, पुन्हा थरथर; या खेपेला पेडल होते तिथेच राहिले. त्या रात्री सौ.ला कोरड्या टाकीची हकीकत सांगितली. ती म्हणाली, "मला अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं."

एक बरे झाले, तेल नवे पडले. ते हवेतला ओलावा पीत असते. डॉट-३ जातीचे ताजे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओलावा प्यालेल्याला १४० अंशांचाच. घाटात ब्रेक तापतात. तेल उकळले की वाफ, आणि वाफ हवेसारखीच चेपते.

भाऊबीजेच्या पहाटे अण्णा धुतलेला सदरा घालून पुढच्या सीटवर येऊन बसले. कुणी बोलावले नव्हते. कोयनानगर मागे पडले. घाटाच्या पहिल्या वळणावर मी खालचा गिअर टाकला, ब्रेकला पाय लावला आणि सहज शेजारी पाहिले. अण्णांचा उजवा पाय पायपोसावर घट्ट दाबलेला. वळण संपले तरी तो तसाच होता.

"सोडा," मी म्हटले.