पाण्याबाहेरचे शेत

घराण्याचा ग्रंथ छापावा ही कल्पना निघाली दिवाळीच्या वहीपूजनाच्या संध्याकाळी, आणि काम साहजिकच बापूजींच्या गळ्यात पडले. पुण्याच्या भुसार बाजारातील अडत मुलांच्या स्वाधीन करून ते नुकतेच मोकळे झाले होते. जुन्या वह्या त्यांच्याच कपाटात होत्या, आणि त्यांतील मोडी वाचू शकणारे घरात तेच एकटे उरले होते.

ग्रंथाचे पहिले प्रकरण त्यांना लिहावेही लागणार नव्हते. ते साऱ्यांना तोंडपाठ होते. खापरपणजोबा मारवाडातून, सोजतजवळच्या एका खेड्यातून, लोटा-दोर घेऊन निघाले. इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठच्या एका गावी त्यांनी दुकान घातले, देवघेव सुरू केली, मारुतीच्या देवळासमोर वाडा बांधला, सहा एकरांचे शेत केले. पुढे उजनीचे धरण झाले आणि वाडा, शेत, सगळे पाण्यात गेले. लग्नकार्यात, सुतकात, नव्या सुनेची ओळख करून देताना ही कथा सांगितली जाई आणि शेवटचे वाक्य नेहमी तेच असे. दुष्काळी उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रांत येते. घरात ते कापून ठेवलेले असे. गाव वेगळे होते, पण पाणी तेच होते.

बापूजींना कथेत शंका नव्हती. त्यांना फक्त ग्रंथात एक नकाशा हवा होता, जिथे बोट ठेवून नातवंडांना सांगता येईल, 'इथे आपला वाडा होता.' अडतीच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पावतीवाचून माल उतरवणे जमत नाही, त्यातलाच हा प्रकार.

मारवाडाचे काम लवकर आटोपले. वहीत लिहिलेल्या नावाची दोन गावे निघाली. भारतीय सर्वेक्षण खात्याने देशाचे चार-चार अंशांचे चौकोन पाडून त्यांना क्रमांक दिले आहेत, त्यांपैकी ४५ क्रमांकात सोजतचा प्रदेश येतो. त्या नकाशावर एक गाव सोजतपासून दोन कोसांवर, तर दुसरे दिवसभराच्या वाटेवर दिसले. वहीत 'सोजतसूं दो कोस' असे स्पष्ट होते. प्रश्न मिटला.

भीमेकाठचे काम मात्र वर्षभर पुरले. पळसदेव-भिगवणकडचा पट्टा ४७ क्रमांकाच्या चौकोनात 'जे' या भागात येतो. या भागांचे पुन्हा सोळा-सोळा तुकडे असतात, आणि एका तुकड्याचा एक स्वतंत्र नकाशा. बापूजींनी धरणापूर्वीचा, एक इंचास एक मैल या प्रमाणाचा जुना नकाशा मिळवला. त्यात नदी आपल्या मूळ पात्रात वाहत होती, काठाकाठाने गावे होती, गाडीवाटा तुटक रेषांनी दाखवल्या होत्या, विहिरींचे ठिपके होते. ते गाव दिसले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. नव्या नकाशात त्याच जागी निळा रंग होता.

इथवर कथा खरीच ठरत होती. पण अशा नकाशावर मालकी कळत नाही. त्यासाठी गावनकाशा हवा, आणि तो मिळतो तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात. मोजणीच्या बाबतीत इंदापूर तालुक्याचे स्थान मोठे आहे. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी नव्या पद्धतीची जमीनमोजणी इथूनच सुरू केली, आणि पुढे तीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे; साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. रुपयाचे सोळा आणे मोजत वाढलेल्या बापूजींना ही मापे फार आवडली. त्यांनी ती नातवाला दोनदा समजावून सांगितली. नातू संगणकाचा विद्यार्थी. त्याने एकदाच ऐकले.

गावनकाशा हाती आला. शेताशेताच्या सीमा, ओढे, विहिरी, शिवेवरचे दगड, प्रत्येक शेताचा सर्व्हे नंबर. मध्ये गावठाण, पण ते नुसते कोरे, कारण वसलेल्या जागेत घरे दाखवण्याची रीत गावनकाशात नाही. वाड्याची जागा त्यामुळे कळेना. शेताचा नंबर मात्र वहीत होता, ४१. एकत्रीकरणात जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे जुन्या-नव्याचा मेळ घालणारे पत्रकही काढावे लागले. ज्यांना असा शोध घ्यायचा असेल त्यांनी हे पत्रक विसरू नये. पुष्कळांचा शोध इथेच चुकीच्या शेतात जातो.

४१ नंबर गावठाणाला लागून नव्हताच. तो उत्तरेला, माळाच्या अंगाला होता.

नातवाने दोन्ही नकाशे संगणकावर एकमेकांवर ठेवले. गावनकाशावर अक्षांश-रेखांश नसतात, म्हणून दोन्हींत सापडतील अशा खुणा शोधाव्या लागल्या. दोन ओढ्यांचा संगम, टेकडीवरचे देऊळ, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा. खुणा जुळल्या तेव्हा ४१ नंबरचा चौकोन जुन्या नकाशातील १६५० फुटांच्या समोच्चरेषेच्या वर जाऊन बसला. उजनी पूर्ण भरते तेव्हा पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर असते, म्हणजे १६३० फूट.

"बापूजी, हे शेत बुडलेलंच नाही," नातू म्हणाला.

त्यांनी आकडे स्वतः कागदावर मांडून पाहिले. मग पुन्हा मांडले. उत्तर तेच येत होते. वाडा पाण्यात गेला होता, शेत वीस फूट उंच कोरडे उभे होते.

मग ते गेले कुठे? जमिनीच्या हक्कनोंदीचा कायदा १९०३चा, आणि त्यानंतरचे फेरफार तालुक्याच्या अभिलेख कक्षात असतात. १९३६च्या एका फेरफारात बापूजींच्या आजोबांनी ४१ नंबर तिसऱ्याच एका गृहस्थाला विकल्याची नोंद निघाली. त्याच सुमारास घर बारामतीला हलले होते. धरणाच्या कितीतरी आधी शेत विकले गेले होते, रीतसर, दाम घेऊन. कथेतले शेवटचे वाक्य पुढे कोणीतरी जोडले होते. कोणी, ते कळण्याला आता मार्ग नाही, आणि तो माणूस खोटे बोलला असेही नव्हे. वाडा बुडाला तसे शेतही बुडाले असणार, असे परगावी बसून वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

कथेचा शेवट असा बदलला म्हणून बापूजी आरंभाकडे वळले. १८६७च्या सुमाराच्या फेरमोजणीच्या कागदांत ४१ नंबरचा खातेदार एक कुणबी होता. संवत १९२८च्या वहीत त्याच कुणब्याच्या नावे एकशे चाळीस रुपये, आणि पुढे 'नंबर ४१ गहाण'. त्यानंतर व्याज, व्याजावर व्याज, दोन वेळा जमा ज्वारी. फेरफार सुरू झाले तेव्हा शेतावर पणजोबांचे नाव लागलेले होते.

ज्या काळातली ही नोंद तो काळ इतिहासाला ठाऊक आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले. नव्या सारावाढीचा बोजा त्यावर आला. शेतकरी कर्जात रुतला आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे दंगा उसळला. पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत लोकांनी मारवाडी आणि गुजर सावकारांच्या दुकानांतून कर्जरोखे काढून जाळले. माणसांना मारण्यापेक्षा कागद नाहीसे करण्यावर त्यांचा रोख होता. सरकारने चौकशी केली, १८७९ साली शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला. बापूजींनी हे शाळेत वाचले होते, पण ते दुसऱ्या कोणाबद्दल आहे अशा समजुतीने.

त्यांच्या कपाटात संवत १९३१ची वही नाही. आधीची आहे, नंतरची आहे. ती वाळवीने खाल्ली असे घरात म्हणत. तसेही असेल.

ग्रंथाचा मजकूर धाकट्या भावाने वाचला आणि तो संध्याकाळीच आला. "दादा, हा ग्रंथ लग्नाघरी वाटायचाय. व्याह्यांच्या हाती पडणार. त्यात गहाण कशाला?"

"मग 'पाण्यात गेलं' हे तरी कशाला?"

"ते सगळ्यांना माहीत आहे."

"तेच तर."

भाऊ म्हणाला, त्या काळी सगळेच सावकारी करत, दुष्काळात बी-बियाणे देणारे दुसरे कोण होते? हेही खोटे नव्हते. सरकार सारा रोख मागत होते आणि रोख रक्कम गावात एकाच दारी होती. बापूजींनी ते वाक्य भावाच्या शब्दांत तसेच ग्रंथात घातले. पण गहाणाची नोंदही ठेवली, आणि दोन्ही नकाशे समोरासमोरच्या पानांवर. भाऊ महिनाभर बोलला नाही.

त्या कुणब्याचे वंशज शोधणे सोपे गेले. धरणग्रस्तांना नवे गावठाण मिळाले होते आणि ते जुन्या गावापासून फार दूर नव्हते. बापूजी नातवाला घेऊन गेले तेव्हा ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ ओट्यावर बसले होते. नाव, गाव, वाडा अशी ओळख पटायला वेळ लागला नाही.

"म्हंजी तुम्ही शेटजीच्या वाड्यातलं!" ते म्हणाले आणि त्यांनी आत चहा सांगितला.

त्यांची नदीकाठची सारी जमीन धरणात गेली होती. मोबदला आला, वाटणीत विरला. बापूजींनी ४१ नंबरचे विचारले, तेव्हा म्हाताऱ्यांनी उत्तरेकडे हात केला. "ती व्हय, मारवाड्याची पट्टी. आता दुसऱ्याची हाय, पर नाव तेच. वरच्या अंगाला हाय, धरणाचं पाणी उचलत्यात. ऊस हाय, केळी हाय."

सगळ्या शेतांपैकी जे एक हातचे गेले तेच पाण्याबाहेर राहिले होते. बापूजींनी येताना बरेच काही ठरवून आणले होते. त्यांतले त्यांना काहीच बोलता आले नाही. वहीतली नोंद मात्र त्यांनी सांगितली, रकमेसकट, संवतासकट. म्हाताऱ्यांनी ऐकून घेतले. "आमचा बा सांगायचा, लई जुनी गोष्ट," एवढेच म्हणाले, आणि चहाची बशी पुढे सरकवली.

भाद्रपदात संवत्सरी झाली. दरवर्षी बापूजी क्षमापनेची पत्रे नातलगांना आणि बाजारातल्या व्यापाऱ्यांना लिहीत. या वर्षी एक पत्र नव्या गावठाणात गेले. छापील नव्हते, हाताने लिहिलेले होते. 'मिच्छामि दुक्कडं' म्हणजे काय हेही त्यात दोन ओळींत लिहिले होते.

पंधरा दिवसांनी म्हाताऱ्यांच्या नातवाचा फोन आला. आजोबा विचारताहेत, तो गावाचा जुना नकाशा तुम्ही दाखवला होता, त्याची एक प्रत आम्हाला मिळेल का?

बापूजींनी गावनकाशा मोठा करून जाड कागदावर काढून घेतला आणि स्वतःच नेऊन दिला. ओट्यावर सतरंजीवर तो पसरला. घरातली पोरे भोवती जमली. म्हाताऱ्यांनी आधी नदी शोधली, मग ओढा, मग गावठाणाच्या त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले आणि म्हणाले, "हितं तर काहीच न्हाई."

नकाशात घरे दाखवत नाहीत, असे बापूजींनी सांगितले.

त्यांनी पोराकडून पेन्सिल मागून घेतली. हात कापत होता, म्हणून नकाशा गुडघ्यावर ओढला. आधी मारुतीचे देऊळ काढले, मग पाण्याचा आड, मग वडाचे झाड, त्याच्यामागे स्वतःचे घर, शेजारी चुलत्याचे. थोडा वेळ थांबले, पेन्सिल जिभेला लावली, आणि कोणी न विचारता देवळासमोर एक मोठा चौकोन काढून बापूजींकडे पाहिले. "वाडा," ते म्हणाले. "दार पुरबंला होतं."